कासच्या फोटोसाठी फुलांत उतरू नका. फोन खाली घ्या, उजेड पाहा

पावसाळा सरत आला की साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुले आणि फोन घेतलेली गर्दी एकदमच येते. फुलांच्या मधोमध बसल्याशिवाय फोटो भरगच्च येत नाही, असे अनेकांना वाटते. हा समज चुकीचा आहे आणि पठाराला महागात पडतो.

पाय पडला तर काय बिघडते?
इथे जांभ्या खडकावर मातीचा जेमतेम थर आहे. गेंद, सीतेची आसवे अशी नाजूक रोपे त्यावरच तग धरतात. बी धरण्याआधी रोप तुडवले गेले, की पुढच्या हंगामाचे फूलही गेले.

वाटेवरूनच फोटो कसा काढाल?
फोन उलटा धरून लेन्स फुलांच्या उंचीवर आणा. जवळची चार फुले मोठी दिसतात, मागची एकमेकांत मिसळून गालिचा दाट वाटतो. ग्रिड सुरू करून क्षितिज वरच्या रेषेवर ठेवा. ढग देखणे असतील तर खालच्या.

उजेड कोणता?
भर दुपारी रंग फिके पडतात. सकाळी किंवा उतरत्या उन्हात तिरपा उजेड मागून आला, की पाकळ्या उजळतात. ढगाळ हवेत सावल्या मऊ होतात, जांभळा रंग खुलतो. फुलावर टॅप करून ब्राइटनेस किंचित कमी करा.

२०१२ मध्ये पश्चिम घाटातील स्थळांसोबत कास जागतिक वारसा यादीत आले. पण फुलांत बसून काढलेला एक फोटो पाहून पुढचा पर्यटक तिथेच बसतो. म्हणून नियम पाळण्याइतकेच, असा फोटो शेअर न करणेही गरजेचे आहे.