कॅलिफोर्निया, टेक्सास आणि घरपट्टी

बे एरियातल्या कुठल्याही मराठी गेट-टुगेदरमध्ये जेवणं आटोपली की विषय हमखास टेक्सासकडे वळतो. कोणीतरी नुकतंच ऑस्टिन नाहीतर डॅलसला शिफ्ट झालेलं असतं. त्यांच्या घराचे फोटो मोबाईलवरून फिरतात आणि मग सुरू होतं, "अरे, चार बेडरूम, मागे यार्ड, आणि स्टेट इन्कम टॅक्स शून्य! आपण इथे काय झक मारतोय?"

मी दोन्हीकडे राहिलोय. आधी डॅलसच्या उत्तरेला चार वर्षं, आता सनीवेलला. त्यामुळे ते फोटो खोटे नसतात हे मला माहीत आहे. सनीवेलमध्ये १९५५-६० च्या सुमाराचं साधं एकमजली लाकडी घर २० लाख डॉलरच्या घरात जातं. फ्रिस्कोला ६ लाखांत त्याहून मोठं आणि नवं घर मिळतं. भाड्याचंही तेच. विजेचं तर बोलायलाच नको. बे एरियात संध्याकाळच्या वेळी युनिटला ४० सेंटच्या वर मोजावे लागतात, टेक्सासला १५ च्या आसपास. इथपर्यंत वाद नाहीच.

माझा आक्षेप आहे तो "टॅक्स शून्य" या दोन शब्दांना.

जरा हिशोब करून बघा. नवरा-बायको, कमावणारा एकच, पगार दीड लाख डॉलर. कॅलिफोर्नियाचा इन्कम टॅक्स ६ हजारांच्या आसपास होतो (एकट्या माणसाला साधारण १० हजार). आता हाच माणूस फ्रिस्कोला ६ लाखांचं घर घेतो. तिथे घरपट्टी साधारण १.७ टक्के, म्हणजे वर्षाला १० हजारांच्या आसपास. राहत्या घराच्या किमतीतले १,४०,००० डॉलर शाळेच्या करातून वगळतात (२०२५ च्या नोव्हेंबरात मतदारांनी ही सूट वाढवली), ते धरून पावणेनऊ हजार म्हणा. अगदी नव्या वसाहतीत घर असेल तर पाणी आणि गटारं टाकायला काढलेलं कर्ज रहिवाशांकडूनच वसूल होतं, त्याला 'मड टॅक्स' म्हणतात, तो वर. थोडक्यात, सरकारला पैसे लागतातच. कॅलिफोर्निया ते पगारातून घेतं, टेक्सास घरातून.

कॅलिफोर्नियातही घरपट्टी आहेच. पण १९७८ च्या प्रपोझिशन १३ मुळे तिचा मूळ दर १ टक्का, आणि घराची करपात्र किंमत वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. टेक्सासात राहत्या घराला ही मर्यादा १० टक्के आहे. अर्थात प्रपोझिशन १३ चा खरा फायदा जुन्या मालकांना. तुमच्या शेजारचे आजोबा तशाच घरावर तुमच्या एक दशांश घरपट्टी भरत असतात, आणि त्याबद्दल काहीही करता येत नाही!

पण मला जो मुद्दा सांगायचाय तो आकड्यांचा नाही. पगार बंद झाला की इन्कम टॅक्स आपोआप बंद होतो. घरपट्टी मात्र येतच राहते, तुमची नोकरी असो वा नसो. ग्रीन कार्डवाल्याला याने फार फरक पडत नाही, तो सहा महिने नोकरी शोधत बसू शकतो. आपल्यातले बहुतेक जण एच-१बी वर. २०१७ च्या नियमाप्रमाणे नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नवी कंपनी अर्ज दाखल करणार, नाहीतर चंबूगबाळं आवरायचं. २०२२-२३ च्या लेऑफमध्ये हे सगळ्यांनी जवळून पाहिलंय.

या ६० दिवसांत घर विकायला काढणं म्हणजे काय ते ऑस्टिनच्या लोकांना विचारा. २०२२ मध्ये तिथल्या किमती शिखरावर होत्या, नंतर चांगल्याच उतरल्या. वरून दलाली. भाड्याच्या घरात लीज मोडायचा दंड भरून सुटता तरी येतं.

आणि दुसरी नोकरी कुठे शोधणार? सॅन होजेपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत ८० किलोमीटरच्या पट्ट्यात कंपन्याच कंपन्या. घर न हलवता, मुलांची शाळा न बदलता नोकरी बदलता येते. डॅलस-ऑस्टिन तीन तासांचा ड्राइव्ह आहे. शिवाय कॅलिफोर्नियात 'प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही' असं कंपनीने लिहून घेतलं तरी ते चालत नाही, १८७२ पासूनचा कायदा आहे. टेक्सासात अटी वाजवी असतील तर असा करार कोर्टात टिकू शकतो. घराचे फोटो बघताना हे कोणी बोलत नाही.

म्हणून माझं मत विचाराल तर टेक्सासला जायला काहीच हरकत नाही. जा, पण ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत भाड्याने राहा. इन्कम टॅक्स वाचेल, भाडंही निम्म्यावर येईल (घरमालकाची घरपट्टी त्या भाड्यात आहेच म्हणा, पण ६० दिवसांची टांगती तलवार त्याच्यावर नाही). "भाडं म्हणजे पैसे पाण्यात" हे पुण्याहून आई-बाबा फोनवर सांगणारच. त्यांच्या पिढीला नोकरीबरोबर देश सुटण्याची भीती नव्हती, त्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे.

बाकी उन्हाळ्याचं म्हणाल तर नागपूरकरांना डॅलस परकं वाटणार नाही. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात मात्र टेक्सासची ग्रिड कोलमडली, लाखो घरं दिवसचे दिवस अंधारात राहिली. इकडे वणवे आणि भूकंप आहेत, म्हणजे फिट्टंफाट. मराठीपणातही बरोबरीच, बीएमएमचं अधिवेशन २०१९ ला डॅलसला झालं, २०२४ ला सॅन होजेला. मुलांच्या शाळांचं गणित मी इथे धरलेलं नाही, तो मोठा विषय आहे, त्यावर पुढे कधीतरी.