मस्ती नव्हे हो, भीती!

"घोडा पळायला लागला की लगाम खेचा." हा सल्ला ज्याने पहिल्यांदा दिला तो स्वतः कधी बुजऱ्या घोड्यावर बसला नसावा, अशी माझी जुनी शंका आहे. पण रायडिंग शिकवतात तिथे सकाळी अर्धा तास कुंपणाला टेकून उभं राहा, हाच मंत्र कानावर पडेल. खेच! अजून खेच! दाखव त्याला मालक कोण आहे ते! आणि तो बिचारा मान वर करून, डोळ्यांचं पांढरं दाखवत आणखी जोरात पळतोय. मग पुढच्या खेपेला आणखी कडक लगाम. तेवढ्यानंही भागलं नाही तर 'मस्ती जिरवायला' आधी लांब दोरीवर पाऊण तास गोल गोल पळवायचं. (यानं घोड्याचा दम वाढतो, दुसरं काही होत नाही. रोज पाऊण तास पळालात तर तुमचाही वाढेल.)

अहो, मस्ती कसली? घाबरलाय तो. घोडा हा शिकार होणारा प्राणी. शिंगं नाहीत. जीव वाचवायचा म्हणजे पळायचं, एवढं एकच त्याला येतं. त्याचं डोकं तुम्ही दोन्ही हातांनी जखडून ठेवलंत की तो शांत कसा होणार? त्यातून लगामाचं लोखंड बसतं कुठे, तर पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या रिकाम्या जागी. तिथे हाडावर हिरडीचा पातळ थर, बस्स. दुखतं म्हणून तो पळतो, पळतो म्हणून तुम्ही दुखवता!

आपल्याकडची गंमत तर आणखी वेगळी. शिकवणीच्या घोड्यांत शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड पुष्कळ. शर्यतीत जॉकी लगाम घट्ट धरतो आणि घोडा त्या ताणावर तोंड टेकून धावतो. त्याचं सगळं शिक्षण तेच. आता अशा घोड्याचा लगाम तुम्ही दोन्ही हातांनी ताणलात, तर त्याला काय ऐकू आलं? "चल, पळ!" तो इमानदारीत पळतो आणि वर छडी खातो.

मग करायचं काय? आधी मैदानात वीसेक मीटरचं मोठं वर्तुळ धरा. वळताना वेग आपोआप उतरतो, भांडावं लागत नाही. आतल्या बाजूचा एकच लगाम हलकेच मागायचा, आणि त्यानं मान जरा वळवली की त्याच क्षणी सोडायचा. हे सोडणं म्हणजेच त्याची शाबासकी. ते उशिरा आलं तर सगळं फुकट. मग दुसऱ्या बाजूला वळण, मग नागमोडी, मग चार पावलं चाल, पुन्हा दुडकी. दुडकीत तुम्ही खोगिरावर उठता-बसता ना, ती लय घोड्याच्या मागे धावत ठेवू नका. तुम्ही जरा सावकाश उठा, सावकाश बसा. थोड्या फेऱ्यांत त्याची पावलं तुमच्या लयीला येऊ लागतात. आणि श्वास सोडा हो! घाबरलेला स्वार श्वास कोंडून, गुडघे आवळून बसतो आणि घोड्याला वाटतं, वाघ दिसला वाटतं याला. पाठ सैल पडली की मान खाली येते, नाकातून एक लांब फुर्रर्र निघतं. तो आवाज ऐकायला मिळाला की लगाम लांब सोडा आणि त्या दिवशी तिथेच थांबा.

स्वाराची भीती घोड्याला कळते ही काही माझी भाबडी समजूत नाही. २००९ साली स्वीडनमधल्या संशोधकांचा एक छान प्रयोग प्रसिद्ध झाला. माणसांना सांगितलं, घोडा घेऊन इथून तिथे चार वेळा जा. चौथ्या वेळी घोड्याशेजारी छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही! पण चौथ्या फेरीत माणसांच्या काळजाचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही वाढले. घोड्यांना छत्रीबद्दल कुणी सांगितलं होतं?

आता कुणी म्हणेल, उधळलाच तर? तर जागा असेल तिथे एका लगामाने हळूहळू वर्तुळ लहान करत आणा. अरुंद वाटेवर खाडकन वळवलात तर दोघेही पडाल. म्हणून बुजऱ्या घोड्यावर नवशिक्याला बसवून वाटेवर पाठवूच नये. पण तेवढा धीर कुणाला? तासाचे पैसे आलेले असतात. त्या घोड्याची पाठ खोगिराने सोलली आहे का, दाढा टोचताहेत का, दिवसभर ठाणात बांधून मूठभर गवतावर त्याचं पोट जळतंय का (घोड्याच्या पोटात आम्ल सतत पाझरतं, चारा असो वा नसो), हे बघायलाही सवड नाही. घोडा 'खराब' ठरतो, विकला जातो. पुढच्या मालकाकडे लोखंड आणखी कडक.

काटेरी लगामाला या देशात १९६५ पासून नियमाने बंदी आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी केलेल्या नियमांतच ते स्पष्ट लिहिलंय, आणि स्वारीचाही त्यात उल्लेख आहे. पुढच्या वेळी कुठल्याही पॉइंटावर मुलाला घोड्यावर बसवाल तेव्हा आधी त्या घोड्याच्या तोंडातलं लोखंड दाखवायला सांगा. घोडेवाला कुरकुरेल. कुरकुरू दे.