गुंठ्याची जाहिरात आणि वतनाची जमीन

पुणे-नगर रस्त्याने शिरूरकडे निघा, नाही तर सोलापूर रस्त्याने दौंडकडे. थोडे पैसे भरा, हप्ते बांधा, प्लॉटचे मालक व्हा, असे फलक भेटतातच. रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांत राबणारा आमचा तरुण त्यांना भुलतो. कागद स्वच्छ नाहीत म्हणून बँक कर्ज देत नाही; मग प्रमोटरच हप्ते बांधून देतो. हाती उरते ते नोटरी केलेले साठेखत!

2017 पासून लागू असलेला रेरा कायदा स्पष्ट आहे. 500 चौरस मीटरहून मोठ्या आणि आठांहून अधिक प्लॉटच्या प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी झाल्याशिवाय जाहिरातही करता येत नाही. नोंदणीकृत कराराविना किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही.

पण आमचा प्रश्न त्याही पुढचा आहे. या प्लॉटखालची जमीन कोणाची? 1928 साली बाबासाहेबांनी वतनी गुलामीविरुद्ध मुंबई कौन्सिलात विधेयक मांडले. 1958 च्या कायद्याने महार वतन संपले. जमिनी नव्या शर्तीने वतनदारांना मिळाल्या. बिगरशेतीसाठी त्या परवानगी व नजराण्याशिवाय विकता येत नाहीत. तरीही 2025 मध्ये मुंढव्यातील सुमारे 40 एकर वतन जमिनीचा व्यवहार गाजलाच.

म्हणजे आजोबांची जमीन कवडीमोलाने जाते आणि नातू तिचाच गुंठा हप्त्याने घेतो! बांधवांनो, सही करण्यापूर्वी सातबाऱ्यावरील भूधारणा आणि इतर हक्क वाचा, महारेराचा क्रमांक मागा. बाबासाहेबांनी दिलेले शिक्षण इथेही वापरायचे आहे.