रूळ आणि करारनामा

अभियांत्रिकीची चार वर्षे संपल्यावर मुलाने आणखी तीन वर्षे विधी महाविद्यालयात घालवावीत काय? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे मानणाऱ्या पगारदार घराला हा प्रश्न अवघड वाटणे स्वाभाविक आहे. परंतु यंत्रविद्या आणि कायदा यांचा संबंध बार्शीला नवा नाही.

१८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत अडीच फुटी लोहमार्ग सुरू झाला, तो एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याच्या चिकाटीमुळे. प्रत्येक आसावर सारखा भार ठेवून अरुंद रुळांवरून जड माल नेण्याचे कोडे त्याने सोडविले. मात्र रूळ पडण्यापूर्वी सरकारशी वाटाघाटी कराव्या लागल्या, १८९५ मध्ये इंग्लंडमध्ये कंपनी नोंदवावी लागली. करारनाम्यावाचून त्याचा आराखडा कागदावरच राहिला असता.

आजही भूसंपादन, निविदा आणि ठेकेदाराची वाढीव मागणी यांवर कामे अडतात. कृष्णा खोऱ्याच्या पाणीवाटपासाठी १९६९ मध्ये बच्छावत लवाद आणि २००४ मध्ये ब्रिजेशकुमार लवाद नेमला गेला. दोहोंसमोर पाण्याची मोजणी आणि हक्काचा अर्थ हे प्रश्न एकत्रच आले. नकाशाही वाचणारा आणि कलमही जाणणारा माणूस अशा ठिकाणी उपयोगी पडतो, यात शंका नाही.

तथापि उपयोग आहे म्हणून प्रत्येकाने दोन पदव्या मिळवाव्यात, असे मुळीच नव्हे. पेटंट एजंट होण्यासाठी १९७० च्या पेटंट कायद्याप्रमाणे विज्ञान वा अभियांत्रिकीची पदवी आणि पात्रता परीक्षा पुरते. त्यासाठी कायद्याची पदवी लागत नाही. लवाद म्हणून नेमणूक होण्यासही वकील असण्याची सक्ती नाही. उलट वकिलीची सनद घेतल्यावर पूर्णवेळ पगारी नोकरी करण्यास बार कौन्सिलचे नियम सामान्यतः मज्जाव करतात. म्हणजे एका हाती नोकरी आणि दुसऱ्या हाती वकिली, हा हिशेब जमत नाही.

तेव्हा पालकांनी आधी विचारावे, मुलाला नेमके कोणते काम करावयाचे आहे? न्यायालयात उभे राहावयाचे असेल, तर तीन वर्षे सार्थकी लागतील. त्यापूर्वी काही काळ प्रत्यक्ष बांधकामावर वा कारखान्यात काढल्यास अधिकच. केवळ नोकरी लांबली म्हणून दुसरी पदवी घेणे हे मात्र बेकारी पुढे ढकलणे होय, आणि त्याची किंमत वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीतून चुकवावी लागते.