सहल आणि वाटाड्या

शाळेची सहल म्हटली कीं मुलांच्या डोळ्यांपुढें लांबचा प्रवास उभा राहतो आणि पालकांच्या डोळ्यांपुढें खर्चाचा आंकडा. तीन दिवसांत दहा ठिकाणें अशी धांवती यात्रा करून मुलें घरीं येतात. परंतु काय पाहिलें असें विचारलें असतां बहुधा गाडींतील भेंड्यांचेंच वर्णन ऐकावयास मिळतें. प्रवास वाईट असें माझें म्हणणें नाहीं. माझें म्हणणें इतकेंच कीं, वर्षांतून एक दिवस आपल्याच डोंगरांत, जाणत्या वाटाड्याच्या संगतीनें केलेली सहल ही त्या धांवपळीहून अधिक शिकवून जाते. व शाळेनें आपल्या कार्यक्रमांत तिला पहिलें स्थान द्यावें.

जाणत्याच्या सोबतीनें काय फरक पडतो, हें महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील सिरोंचा भागाच्या उदाहरणानें कळेल. तेथें प्राणहिता नदी गोदावरीस मिळते. त्या प्रदेशांत वालुकाश्म, म्हणजे वाळू दबून घट्ट झालेला दगड, आढळतो. अजाण माणसास तो नुसता दगड दिसतो. परंतु त्याच खडकांत जाणत्यांनीं दगड बनून राहिलेले प्राचीन वृक्ष व प्राण्यांचीं हाडें ओळखलीं. नदीपलीकडे, आजच्या तेलंगणांत, त्याच जातीच्या थरांतून बारापासॉरस नांवाच्या प्रचंड प्राण्याचीं हाडें निघालीं. १९७५ मध्यें त्यास शास्त्रीय नांव मिळालें, व त्याचा सांगाडा कलकत्त्यास भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संग्रहालयांत उभा आहे. खडक तोच, पाहणाऱ्याची दृष्टि मात्र निराळी!

आतां कोणी म्हणेल, “सिरोंचा कोठें आणि मांजरसुंबा कोठें! येथें तर सारा काळा पाषाण.” खरें आहे, पण हा पाषाणही मुका नाहीं. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या पोटांतून तप्त रस भेगांवाटे वर आला, पसरला व थिजला. कांहीं काळानें त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. असे थरांवर थर चढून दख्खनचें पठार झालें. आजही या खडकानें सुमारें पांच लाख चौरस किलोमीटर भूमि व्यापिली आहे. शास्त्रज्ञ त्यास ‘ट्रॅप’ म्हणतात. या शब्दाचें मूळ स्वीडिश भाषेंत असून त्याचा अर्थ पायऱ्या असा आहे. बालाघाटाचा उतार बीडकडून पाहावा, म्हणजे हें नांव किती यथार्थ आहे तें कळेल.

मांजरसुंब्याहून थोड्याच अंतरावर कपिलधार आहे. मन्मथस्वामींच्या समाधीमुळें तें स्थान पवित्र मानलें जातें, आणि कार्तिकी पौर्णिमेस तेथें मोठी यात्रा भरते. आपल्यांपैकीं अनेकांनीं तेथील धबधबा पाहिला असेल. परंतु पाणी ज्या कड्यावरून पडतें तो कडा कितीकांनीं निरखून पाहिला? कोठें दगड अखंड व कठीण, कोठें भेगाळलेला, कोठें कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणें सुटणारा, कोठें त्याच्या पोकळींत पांढरी गारगोटी. हें सर्व बोट दाखवून सांगणारा कोणी हवा. त्यानेंच हेंही सांगावें कीं, बालाघाटाच्या उत्तर उतारावरचें पाणी बिंदुसरेंतून सिंदफणेस व पुढें मंजरथ येथें गोदावरीस मिळतें. दक्षिणेकडील पठारावरचें पाणी मांजरेवाटे मोठा वळसा घेऊन अखेर त्याच गोदावरींत पडतें. आणि मग दोन्ही पाणी सिरोंच्याच्या त्या वालुकाश्मापाशीं एकत्र जातें. ज्या मुलास आपल्या अंगणांतील पावसाची ही वाट कळली, त्यास भूगोल पाठ करण्याचे कष्ट पडणार नाहींत.

शिवाय हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाहीं. आमच्या जिल्ह्याचें दुःख पाण्याचें आहे. एका शेतांतील विहिरीस पाणी लागतें आणि शेजारच्या विहिरींत खडखडाट, याचें उत्तर नशिबांत नसून बव्हंशीं खडकांत आहे. अखंड पाषाणांत पाणी मुरत नाहीं; तें मुरमांत, भेगांत व दोन थरांच्या सांध्यांत राहतें. म्हणून परततांना सहलीनें बीडजवळची खजाना बावडी अवश्य पाहावी. निजामशाहीच्या काळीं, १५८२ च्या सुमारास, सलाबतखानाच्या आज्ञेनें ती बांधली गेली, व तिचें पाणी भुयारी पाटानें शेतांस दिलें गेलें. सकाळीं खडक पाहावा व दुपारीं तो ज्यांनीं जाणला त्यांची करणी पाहावी. याहून उत्तम धडा कोणता?

आतां वेळेविषयीं. सहली बहुधा डिसेंबर-जानेवारींत निघतात. त्या वेळीं आमच्या कित्येक मुलांचे आईबाप ऊसतोडीसाठीं परमुलुखांत गेलेले असतात. कांहीं मुलेंही त्यांच्यासंगें गेलेलीं असतात. जीं मागें आजीआजोबांपाशीं राहतात, त्यांनीं वर्गणी मागावी कोणाकडे? तीं ‘मला यायचें नाहीं’ असें सांगून मोकळीं होतात आणि आपण त्यावर विश्वास ठेवतों. ज्या सहलींत वर्गांतील गरीब मूल मागें राहतें, ती शाळेची सहल नव्हे, ती सधनांची सहल होय. एक दिवसाची जवळची सहल दसऱ्यापूर्वीं काढली, तर भाकरीचें गांठोडें व थोडें गाडीभाडें एवढ्यावर भागेल, डोंगरही हिरवा असेल, आणि हजेरीपटावरील प्रत्येक नांव सहलींत असेल.

वाटाड्या कोण असावा? महाविद्यालयांतील भूगर्भशास्त्राचे अध्यापक मिळाल्यास उत्तमच. परंतु त्यांच्या जोडीस दगड फोडणारा वडारी, विहीर खणणारा व डोंगरांत शेळ्या चारणारा वृद्ध यांसही मानानें बोलवावें. कोणत्या शिरेवर घाव घातला म्हणजे दगड सरळ फुटतो, हें ज्ञान पुस्तकाहून जुनें आहे. आणि ज्याचा बाप हें काम करतो तो मुलगा त्या दिवशीं वर्गांत मान वर करून बसेल.

कांहीं पालक विचारतील, घरच्या डोंगरांत पाहण्यासारखें काय आहे? त्यांनीं एक दिवस आमच्यासंगें यावें. कांहींस ओल्या खडकाची भीति वाटेल. ती रास्त आहे. म्हणून अतिवृष्टीच्या दिवशीं जाऊं नये, कड्याच्या धारेवर कोणासही उभें राहूं देऊं नये, आणि वाटाड्याचा शब्द शिक्षकांनींही मानावा. तें स्थान अनेकांच्या श्रद्धेचें आहे, म्हणून तेथें आवाज व वर्तन संयमाचें असावें. आणि दगडावर नांव कोरण्याचा मोह तर कोणीं मुळींच धरूं नये. कोटि वर्षांच्या लेखावर आपण रेघोट्या काय ओढाव्या?

खडकावर घर बांधणाऱ्या शहाण्या मनुष्याचा दृष्टांत आपण प्रार्थनेच्या वेळीं पुष्कळदां ऐकतों. ज्या खडकावर आपलीं घरें उभीं आहेत, ज्याच्या भेगांतलें पाणी आपण पितों, तो एकदां तरी नीट पाहावा. मुलांनो, येत्या भाद्रपदांत भाकरी बांधून तयार राहा. आणि पालकहो, त्या एका दिवसाची परवानगी सर्वांना द्या.