भंडारा-गोंदियाचा प्रकाश आणि मतदानयंत्र

२८ मे २०१८ रोजी भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. विदर्भाचा ऐन उन्हाळा, मतदार रांगेत उभे आणि केंद्रामागून केंद्रांवर यंत्रणा ठप्प, असे त्या दिवशीचे चित्र होते. अखेर ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले. त्याच दिवशी उत्तर प्रदेशातील कैराना येथे झालेल्या पोटनिवडणुकीत ही संख्या ७३ होती. बिघाड प्रामुख्याने मतदानयंत्राला जोडलेल्या, मताची चिठ्ठी दाखविणाऱ्या व्हीव्हीपॅटमध्ये होता. राजकीय पक्षांनी कारस्थानाचा वास घेतला. निवडणूक आयोगाने दिलेले कारण मात्र अगदी साधे होते. यंत्रातील सेन्सरवर थेट प्रखर प्रकाश पडला आणि ते चुकले.

हे कारण जितके क्षुल्लक वाटते तितके ते नाही. व्हीव्हीपॅटच्या चाचण्या जुलै २०११ मध्ये लडाख, जैसलमेर, चेरापुंजी, तिरुअनंतपुरम आणि दिल्ली अशा परस्परविरोधी हवामानांत झाल्या होत्या. थंडी, वाळवंट, पाऊस, दमटपणा यांचा विचार झाला होता. परंतु मतदान केंद्र म्हणजे बहुधा शाळेचा वर्ग. त्याची खिडकी कोठे आहे, दिवा कोठे टांगला आहे आणि टेबल कोणत्या भिंतीला लावले जाईल, हे केंद्राध्यक्ष आदल्या संध्याकाळी ठरवितो. यंत्राचा आराखडा करणाऱ्याच्या हातात ती खोली कधीच नसते. पुढे सेन्सरवर आच्छादन आले, ओलावा न शोषणारा कागद आला, व्हीव्हीपॅट थेट प्रकाशात ठेवू नये ही ताकीद अधिक कडक झाली.

भारतीय मतदानयंत्राचा इतिहास हा अशाच दुरुस्त्यांचा इतिहास आहे. १९८२ मध्ये केरळमधील परूर विधानसभा मतदारसंघात ५० केंद्रांवर ते प्रथम वापरले गेले. यंत्र चालले, कायदा आडवा आला. यंत्राने मतदान घेण्याची तरतूदच नसल्याने १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या केंद्रांवरील मतदान रद्द ठरविले. १९८८ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, तरी तयार यंत्रे १९९८ पर्यंत पडूनच होती. २००४ ची लोकसभा निवडणूक ही सर्व मतदारसंघांत यंत्रावर झालेली पहिली निवडणूक.

या यंत्राच्या बाह्यरूपाचे काम मुंबई आयआयटीच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातील प्राध्यापक ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांनी केले. त्यातील शहाणपण आजही नजरेत भरते. मतपत्रिकेवरची नावे आणि चिन्हे होती तशीच ठेवून शिक्क्याच्या जागी फक्त बटण आणले गेले, त्यामुळे निरक्षर मतदारालाही नवे काही शिकावे लागले नाही. यंत्र बॅटरीवर चालते. वीज नसलेल्या पाड्यावरही त्याचे काही अडत नाही. एका मतानंतर अधिकाऱ्याने पुन्हा बटण दाबल्याखेरीज दुसरे मत स्वीकारले जात नाही आणि मिनिटाला चार-पाचच मते नोंदविता येतात. केंद्र बळकावणाऱ्या टोळीला शिक्के मारून गठ्ठेच्या गठ्ठे पेटीत कोंबता येत असत. यंत्राच्या या संथपणामुळे पोलिसांना पोहोचायला वेळ मिळतो. अशी मुद्दाम ठेवलेली मंदगती क्वचितच कोणी यंत्राचा गुण म्हणून सांगेल!

बाद मते, केंद्र बळकावणे आणि लांबणारी मोजणी ही ऐंशीच्या दशकातील दुखणी होती. त्यांवर यंत्र उतारा ठरले. नंतर प्रश्नच बदलला. आपण दाबलेले बटण आणि नोंदलेले मत एकच, हे मतदाराने कशावरून मानायचे? बाद मते उरली नाहीत म्हणून ही शंका मिटत नाही. २०१३ मध्ये नागालँडमधील नोकसेन येथे व्हीव्हीपॅट प्रथम वापरले गेले ते या नव्या प्रश्नाचे उत्तर म्हणून. चिठ्ठी सात सेकंद दिसते. परंतु २०१७ मध्ये खिडकीची पारदर्शक काच बदलून गडद काच बसविण्यात आली. आतला दिवा लागेल तेवढाच वेळ चिठ्ठी दिसते. ती कापली जाऊन पेटीत पडताना दिसत नाही. विश्वास वाढविण्यासाठीच आणलेल्या यंत्रावर हा बदल नवा आक्षेप ओढवून गेला, आणि तो आक्षेप गैरलागू म्हणता येत नाही. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मतपत्रिकांकडे परतण्याची आणि सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. मात्र चिन्हे भरणारी युनिट्स निकालानंतर ४५ दिवस मोहोरबंद ठेवण्याचा आदेश दिला.

मर्यादा कोणती गृहीत धरावी, हाही प्रश्न सुटत नाही. जुन्या यंत्राची क्षमता ६४ उमेदवारांची होती. २०१९ मध्ये तेलंगणातील निजामाबादेत हळदीच्या भावावरून चिडलेल्या शेतकऱ्यांनी मोठ्या संख्येने अर्ज भरले आणि रिंगणात १८५ उमेदवार उरले. प्रत्येक केंद्रावर बारा बॅलट युनिट्स ओळीने मांडावी लागली. नव्या पिढीच्या यंत्राला चोवीस युनिट्स जोडता येतात, म्हणूनच ते निभावले.

महाराष्ट्रातील नागरी मतदारासमोर आता वेगळीच अडचण आहे. महापालिकांतील बहुसदस्यीय प्रभागात एकाच मतदाराला अनेक जागांसाठी मते द्यायची असतात. अशा मतदानाला जुळणारी व्हीव्हीपॅट यंत्रणा उपलब्ध नाही, असे कारण देऊन राज्य निवडणूक आयोगाने ती वापरली नाही. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकांत लोकसभेला चिठ्ठी पाहिलेल्या मतदाराला त्याच शहरात, कदाचित त्याच शाळेत, चिठ्ठीविना मत द्यावे लागले. प्रभागरचना ठरली, यंत्र मागे राहिले. प्रभागपद्धती ठरविताना यंत्राचा विचार कोणी केला होता का, याचे उत्तर पुढच्या निवडणुकीआधी शासन आणि आयोग या दोघांनीही द्यायला हवे.