भरलेल्या हौद्याची रेंज

अमेरिकेतल्या इलेक्ट्रिक पिकअपच्या स्पर्धेची पहिली फेरी संपली आहे. डिसेंबर 2025 मध्ये फोर्डने ‘एफ-150 लाइटनिंग’चे निव्वळ बॅटरीवर चालणारे रूप बंद करत असल्याचे जाहीर केले. पुढची लाइटनिंग इंजिनाच्या जनरेटरची जोड घेऊन येणार आहे. स्टेलांटिसने तर पूर्ण इलेक्ट्रिक रॅम बाजारात येण्याआधीच सप्टेंबरमध्ये रद्द केली होती. त्याच महिन्याअखेर 7,500 डॉलरची केंद्रीय करसवलत संपली, हे कारण सगळेच पुढे करतात. ते खरे आहे, पण पुरेसे नाही. गाड्या आखणाऱ्या आणि तपासणाऱ्या आपल्या वाचकांनी गाडीच्या आतही डोकावायला हवे.

सुरुवात दमदार होती. सप्टेंबर 2021 मध्ये रिव्हियनसारख्या नवख्या कंपनीने इलिनॉयमधल्या नॉर्मल गावातून ‘आर1टी’ बाहेर काढली आणि डेट्रॉइटच्या मातब्बरांच्या आधी बाजार गाठला. फोर्डने लाइटनिंगची किंमत 40 हजार डॉलरच्या आत जाहीर केली, तेव्हा सुतार, प्लंबर, शेतकरी असे रोज पिकअप वापरणारे लोक या गाडीकडे वळतील, असे वाटले होते. पण मार्च 2023 पर्यंत तीच गाडी 60 हजारांच्या घरात पोचली. टेस्लाने 2019 मध्ये 39,900 डॉलर सांगून दाखवलेला सायबरट्रक 2023 च्या अखेरीस ग्राहकांना मिळू लागला, तोवर त्याची सर्वांत स्वस्त आवृत्तीही 60,990 वर गेली होती.

कच्चा माल महागला हे खरे, पण चढाओढ कशावरून लागली तेही पाहा. एका चार्जमध्ये कोण लांब जातो आणि शून्यावरून साठ मैलांचा वेग कोण आधी गाठतो, यावरून. मग बॅटरी वाढली. बॅटरीने वजन वाढवले, वजनाने टायर, ब्रेक, सस्पेन्शन, चासी सारेच भारी करायला लावले. जीएमसीच्या हमर ईव्ही पिकअपचेच पाहा. गाडी चार टनांहून जड, त्यात बॅटरी पॅकच सुमारे 1,300 किलोंचा, क्षमता 200 किलोवॉट-अवरच्या वर. एवढे करून ती उचलते अंदाजे 590 किलो. आपल्याकडे 2022 मध्ये आलेला टाटा एस ईव्ही 21.3 किलोवॉट-अवरच्या पॅकवर 600 किलो वाहतो. दोघांचा वेग, पल्ला, रस्ते वेगळे आहेत, त्यामुळे ही तुलना सरसकट लावता येणार नाही. तरी मालवाहू गाडी म्हणून विकताना हा हिशेब टाळताही येत नाही.

ट्रेलरचा प्रश्न याहून अवघड ठरला. उंच ट्रेलर मागे जोडला की हवेचा रोध इतका वाढतो की रेंज निम्म्यावर येते, हे स्वतंत्र चाचण्यांत वारंवार दिसले. डिझेल गाडीचेही ॲव्हरेज पडते, पण तिची टाकी पाच मिनिटांत भरते. इकडे चार्जिंगच्या बहुतेक जागा गाडी नाकासमोर घालून उभी करण्यासाठी आखलेल्या. म्हणजे आधी ट्रेलर सोडायचा, बाजूला लावायचा, चार्ज करायचे, मग पुन्हा जोडायचा. रोज ट्रेलर ओढणारा माणूस हे का सहन करील?

लाइटनिंगची एक गोष्ट मात्र मनापासून कौतुक करावी अशी आहे. तिच्या हौद्यातल्या आणि पुढच्या कप्प्यातल्या सॉकेटांतून 9.6 किलोवॉटपर्यंत वीज मिळू शकते. साइटवर करवत चालते, वेल्डिंग होते, जनरेटर वेगळा न्यावा लागत नाही. कामगाराचा दिवस पाहून केलेले हे आरेखन आहे. स्पर्धा याच दिशेने जायला हवी होती. आता फोर्डने 2027 साठी 30 हजार डॉलरच्या आसपासचा मध्यम पिकअप योजला आहे, तर ‘स्लेट’ ही नवी कंपनी हाताने काच वर-खाली करायचा, दोन दारांचा साधा पिकअप आणू पाहते आहे. दोघांनी बॅटरी आटोक्यात ठेवण्याचा मार्ग धरला, हे आम्हाला योग्य वाटते.

आपल्याकडे छोट्या इलेक्ट्रिक मालवाहू गाड्यांची चढाओढ आता रंगात येते आहे, आणि तिथेही जाहिरातीत सर्वांत मोठा आकडा रेंजचाच असतो. पुणे, चाकण, नाशिक, छत्रपती संभाजीनगर इथल्या आरेखन आणि चाचणी विभागांतल्या वाचकांना आमची विनंती आहे: माहितीपत्रकात प्रमाणित रेंजच्या शेजारी पूर्ण भरलेल्या गाडीची, चढाच्या रस्त्यावरची रेंजही छापायला लावा. गाडी घेणारा त्याच आकड्यावर कर्जाचा हप्ता बेततो.